पाच इंच खाली

"हे ऐकून तुला खोटं वाटेल," बेलार्मिनो पिकअपच्या पोटाखालून म्हणाला, "आणि तुझी चूक नाही. चिमायोपासून एस्पान्योलापर्यंत एक माणूस मिळायचा नाही यावर विश्वास ठेवणारा. पण हाच ट्रक एके काळी एवढा खाली होता, की त्याच्या सावलीला खाली जागाच नव्हती. ती बिचारी बाजूनं चालत यायची."

त्याची थोरली मुलगी लुसिंडा पलीकडच्या चाकापाशी गुडघे टेकून बसली होती. बाई पन्नाशीला टेकलेली, गावात स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवणारी. बापाच्या थापा पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. सावलीबद्दल तिनं काही विचारलं नाही, मोठा पाना तेवढा मागितला.

व्हरांड्यात बेलार्मिनोची बायको डेल्फिना मांडीवर परात घेऊन लाल मिरचीचे देठ खुडत होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि बोटं चालू होती. ती झोपली आहे की ऐकते आहे, हे लग्नापासून आजवर बेलार्मिनोला एकदाही नेमकं ओळखता आलं नव्हतं, म्हणून तो दोन्ही धरून बोलत असे.

ही सगळी खटपट तिच्यासाठीच होती.

ईस्टरच्या दुपारी सगळं खोरं आपापल्या गाड्या पुसून एस्पान्योलाच्या मोठ्या रस्त्यावर उतरतं आणि बैलाच्याही मागं राहील अशा चालीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतं. गाडी जितकी खाली आणि जितकी सावकाश, तितका तिचा मान मोठा. लग्नापासून पन्नासावर ईस्टर झाले, बेलार्मिनो आणि डेल्फिनानं एकही फेरी चुकवली नव्हती. ट्रक काही खाली नव्हता, शेतावर राबणारं उंच जनावर होतं ते. पण फेरी ती फेरी. मग गेल्या पानगळीत डेल्फिनाच्या खुब्याचं हाड बदललं. ती चालायला लागली, स्वयंपाक करायला लागली, रागवायला तर दवाखान्यातच लागली होती. फक्त पाय ट्रकच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत जाईना. बेलार्मिनोनं स्टूल आणलं. ती म्हणाली, मी सर्कशीतली हत्तीण नाही. त्यानं उचलून ठेवतो म्हटलं. ती म्हणाली, चौऱ्याहत्तरीचा म्हातारा मला घेऊन पडला तर लोक दोघांची फुलं एकदमच आणतील, तेवढाच त्यांचा खर्च वाचेल. आणि मग एक दिवस ती म्हणाली, यंदा तू एकटाच जाऊन ये.

हे ती हळू आवाजात म्हणाली. बेलार्मिनो घाबरला तो त्याला. संसारात ती त्याला काय काय बोलली होती, पण हळू आवाजात कधी नाही.

त्यानं टेप काढली. व्हरांड्याची पायरी त्यानं स्वतःच बांधलेली, म्हणून प्रमाणाबाहेर उंच, पंधरा इंच. खांबाला धरून डेल्फिना ती रोज चढत होती. ट्रकचा उंबरा वीस इंच. म्हणजे बायको आणि ईस्टर यांच्यामध्ये फक्त पाच इंच उभे होते.

लुसिंडानं खोक्यातून सामान आणलं: आखूड स्प्रिंगा, धक्के झेलणारे आखूड शॉक, पुढच्या चाकांना वर घेणारे नवे सांधे. पुढून चार इंच उतरेल, ती म्हणाली, मागून सहा. दार मधोमध आहे, तेव्हा तिथं पाच. बेलार्मिनोनं खोक्याकडे असं पाहिलं, जसं मक्याच्या पानात वाफवलेल्या घरच्या तमालेस सोडून कोणी डब्यातल्या आणल्यावर पाहावं. आमच्या काळी, तो म्हणाला, खोकी नव्हती. आमच्या काळी डोकं होतं.

पुढची बाजू गुरुवारी झाली. दाबलेली स्प्रिंग म्हणजे पोत्यात कोंडलेला बोका. लुसिंडानं आधी तिच्यातून साखळी ओवून चेसिसला बांधली, मगच खालचा दांडा जॅकवर इंच इंच उतरवला. शुक्रवारी काम बंद. येशूला खिळे ठोकले त्या दिवशी हातोडा धरायचा नाही, हे डेल्फिनाच्या घरात देवापेक्षाही पक्कं होतं. बापलेक दोघं दिवसभर अंड्याची तोर्ता आणि गव्हाची गोड पनोचा खात, चिमायोच्या देवळाकडे पायी निघालेल्या लोकांना पाणी देत बसली. आज शनिवार. मागची बाजू आजच व्हायला हवी होती.

मागच्या एक्सलला उसळायला जागा हवी, म्हणून लुसिंडानं चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांचा खालून अर्धचंद्रासारखा घास कापला आणि तिथं जाड लोखंडी कमान बोल्टांनी आवळली. कापताना बेलार्मिनोनं तोंड फिरवलं. पोरींना सुई टोचताना तो असाच दवाखान्याच्या भिंतीकडे बघत राहायचा. ठिणग्या थांबल्या तेव्हा त्याची गोष्ट पुढं सुरू झाली.

त्र्याहत्तर साल. ट्रक तेव्हा ओनेसिमोचा, त्याच्या जिवलग मित्राचा. दोघांना तो खाली आणायचा होता आणि दोघांच्या खिशात मिळून एक कंगवा होता. तेव्हाची रीत अशी, की हौद्यात वाळूची पोती टाकायची, ट्रक आपोआप बसतो. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी वाळू भरायला जायचा दोघांना कंटाळा आला, आणि ओनेसिमोच्या काकाच्या अंगणात सिमेंटची बावीस पोती आयती रचलेली होती.

"सोमवारी परत ठेवणार होतो," बेलार्मिनो म्हणाला.

बावीस पोत्यांनी ट्रक बसला, पण मनासारखा नाही. मग ओनेसिमो स्वतः हौद्यात बसला. माणूस वजनाला चांगला होता. तेव्हा कुठं ट्रक असा टेकला, की रस्त्यातल्या नाण्यावरून गेलं तर छापा की काटा ते बुडाला कळावं. वाटेत एक साप आडवा आला. ट्रक वरून गेल्यावर त्याला इस्त्री झाली होती, बेलार्मिनोनं तो पट्टा म्हणून तीन वर्षं वापरला.

लुसिंडानं हात थांबवला. "पापा, ट्रक ओनेसिमोकाकांचा. मग मालक पोत्यांवर आणि तुम्ही स्टीअरिंगवर, हे कसं?"

बेलार्मिनो म्हणाला, की ओनेसिमोला चालवायचा कंटाळा. शिवाय त्याला वाऱ्यावर बसायला आवडायचं. ओनेसिमोला जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्याची हरकत येण्यासारखी नव्हती.

तर बेलार्मिनो स्टीअरिंगवर, स्टीअरिंगवर एकच बोट, आणि शेजारी पिवळ्या झग्यात डेल्फिना. आईबापांनी एक तासाच्या बोलीवर सोडलेली. सगळा एस्पान्योला बघतो आहे. आणि अशात पाऊस आला. एप्रिलचा पाऊस, अर्धा बर्फच. बेलार्मिनोनं ट्रकचा वेग वाढवला नाही. पावसाला घाबरून पळणारा ट्रक खाली असून काय उपयोग? फेरी पुरी केली, मग दुसरी केली, मग तिसरी. हौद्यात कागदी पोती भिजली, फुटली, सिमेंटचा चिखल झाला, आणि संध्याकाळपर्यंत तो दगड झाला. ओनेसिमोचे बूट त्यात घोट्यापर्यंत. बूट काही निघेनात, शेवटी माणूस तेवढा उपटून काढला. तो अनवाणी घरी निघाला, तर वाटेत पाद्रीबाबा भेटले. त्यांना वाटलं पोरगा नवसाला चालला आहे. त्यांनी रस्त्यात थांबवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या रविवारी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं.

जूनपर्यंत छिन्नी चालली. तोवर ट्रक खालीच राहिला, खोऱ्यात सगळ्यांत खाली. पुढं ओनेसिमो पोलादाच्या कारखान्यात कामाला प्वेब्लोला गेला, जाताना ट्रक बेलार्मिनोला विकून गेला. मग लग्न, मग तीन मुली, मग जळणाची लाकडं, अल्फाल्फा चाऱ्याच्या गठड्या, मिरचीची पोती. बेलार्मिनोनं जाड स्प्रिंगा घातल्या. ट्रक उंच झाला तो झालाच. संसाराचं तसंच असतं, तो म्हणाला, जितकं ओझं वाढेल तितकं ताठ उभं राहावं लागतं. हे मात्र त्यानं गमतीत म्हटलं नाही, आणि म्हणून लगेच खोकला.

तिसऱ्या प्रहरी लुसिंडानं चाकं चढवली, स्टँड काढले, जॅक सोडला. ट्रक उसासा टाकावा तसा खाली आला. बेलार्मिनो दहा पावलं मागं जाऊन बघत राहिला. चाकाच्या कमानीतली पोकळी गेली होती. तोच निळा रंग, तेच पोचे आलेलं मडगार्ड, पण उभं राहणं त्र्याहत्तरचं. दुपार कोरडी असूनही त्याला ओल्या सिमेंटचा वास आला.

लुसिंडानं दारापाशी टेप धरली. साडेपंधरा.

तिनं पुन्हा धरली. साडेपंधराच. नव्या स्प्रिंगा दोनतीनशे मैल चालल्यावर बसतात, ती म्हणाली, अर्धा इंच त्या आपणच देतील. पण ईस्टर उद्या होता.

डेल्फिना काठी टेकत आली होती. तिनं दार धरलं, पाय उचलला. बुटाचं टोक उंबऱ्याच्या कडेला लागलं आणि पाय परत जमिनीवर आला. दुसऱ्यांदाही तसंच. तिनं झग्यावरची धूळ झटकली, जिथं धूळ नव्हती तिथं, आणि घराकडे वळायला लागली.

बेलार्मिनोजवळ ना गोष्ट होती, ना साप, ना नाणं. तो सरळ ट्रकच्या मागं गेला, फाळका पाडला, धापा टाकत हौद्यात चढला आणि कोपऱ्यात पाठ टेकून मटकन बसला. स्प्रिंगा कुरकुरल्या.

"आता बघ," तो म्हणाला.

लुसिंडानं टेप धरली आणि आईकडे पाहून नुसती मान डोलावली. डेल्फिनानं पाय उचलला. या खेपेला तो उंबऱ्यावर पडला, पुरता, टाचेसकट. तिनं दाराची कडी धरली, ओठ आवळले, आणि कोणाचा हात न घेता वर गेली. सीटवर बसून तिनं केस नीट केले आणि लुसिंडाला म्हणाली, हा हौद्यातला म्हातारा थंड व्हायच्या आत एक चक्कर मारून आण.

लुसिंडा स्टीअरिंगवर बसली. ट्रक अंगणातून बाहेर पडला, देवळाच्या रस्त्याला लागला, सावकाश. परतणारे चार यात्रेकरू बाजूला झाले. एकानं टोपी काढली. हौद्यात बसलेल्या बेलार्मिनोला वारा लागला आणि त्याची जीभ परत जागेवर आली. मागची काच उघडी होती. त्यातून तोंड घालून तो ओरडायला लागला.

"असंच! अगदी असंच चालवत होतो मी त्या दिवशी. एक बोट स्टीअरिंगवर, आणि तुझी आई शेजारी, समोर बघत, राणीसारखी. सांग गं हिला, डेल्फिना."

डेल्फिनानं पुरती मान वळवून मागं पाहिलं.

"खोटारड्या," ती म्हणाली, मोठ्या आवाजात, लुसिंडालाही ऐकू जावं म्हणून. "चालवत ओनेसिमो होता. तू आत्ता आहेस तिथंच होतास, हौद्यात, बुटांसकट सिमेंटात. आणि मी समोर बघत नव्हते. 'पुढं बघ की बाई,' म्हणून दोनदा ओरडला तो मला."