मधुहारी महाराजांचं मशीन

हसनाबादच्या बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये ही गर्दी! मांडीवर तान्ही लेकरं घेऊन बाया रांगेत बसल्या होत्या आणि पुढे मधुहारी महाराज गरोदरपणात लागलेली साखर पळवून लावत होते. तेही सगळ्यांदेखत, मशीनवर मोजून.

"ही साखर म्हंजी बाईच्या अंगात अडकलेला राग," महाराज सांगत होते. "तो मी तीर्थात ओढून घेतो. मंग तपासणी न्हाई, गोळी न्हाई, चालणं न्हाई. डिंकाचे लाडू खा, बिलकुल बिनघोर."

रांगेत दहावीतली पायल होती, शेजारी तिची मोठी बहीण शिवकन्या आणि आई प्रभावती. शिवकन्याला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. बाळ दोन महिन्यांचं झालं, तरी बाळंतपणानंतरची तपासणी राहिली होती. ती सोमवारी होती. आईनं मात्र ठरवून टाकलं होतं, इथं आकडा उतरला तर सोमवार रद्द. शिवकन्यालाही तेच हवं होतं. पायलला ते अजिबात पटलं नव्हतं.

म्हणून ती डोळे फाडून बघत राहिली. महाराज बाईच्या उजव्या मुठीत बत्तासा ठेवायचे आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सांगायला लावायचे. गाऱ्हाणं लांबायचं, मूठ घामेजायची. मग त्याच हाताच्या बोटाला सुई. तीनशे ऐंशी! बाया हळहळायच्या. मग तोच हात तीर्थात धुवायचा, पुसायचा, पुन्हा सुई. एकशे चौदा. बाया हात जोडायच्या. एकीचा आकडा दोनशे तीसवरच अडला, तर तिची श्रद्धा कमी पडली म्हणे, पुढच्या बाजाराला ये. सुई दर वेळी नवी, मशीन मेडिकलमधलंच. मग गडबड हातातच असणार, पायलनं मनाशी म्हटलं.

शिवकन्याचा नंबर आला तशी पायलच पुढे जाऊन बसली. आधी माझी बघा, म्हणाली.

"तुझं लगीन तरी झालंय का गं?" महाराजांनी विचारलं, आणि बाया खो खो हसल्या.

"न्हाई. पण चक्कर येऊन राह्यली."

हे साफ खोटं होतं. सकाळीच ती शाळेच्या मैदानाला आठ फेऱ्या मारून आली होती. बत्तासा मुठीत आला. पायलनं गाऱ्हाणं मुद्दाम ताणलं, गणिताच्या बाईंपासून ते गळक्या नळापर्यंत. मशीन म्हणालं, चारशे दोन. आईच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बघा, कुवारपणीच," महाराज मान हलवत म्हणाले. "घराण्यातच दोष हाये."

पायलनं डावा हात पुढे केला. "आता ह्याचं बघा. तीर्थ नगं."

महाराज म्हणाले, तीर्थाशिवाय एका अंगाला एकदाच. तेव्हा सुनेला घेऊन सकाळपासून ताटकळलेली सगुणाबाई मागून बोलली, "बघा की महाराज. हात दोन असले तरी रगत एकच हाये ना?"

सगळ्या बाया महाराजांकडे बघायला लागल्या. नाइलाजानं त्यांनी सुई टोचली. ब्याण्णव.

पायलनं उजवी मूठ उघडून दाखवली. बत्ताशाचा चिकट पाक बोटांना लागला होता आणि तोच रक्ताच्या थेंबात मिसळत होता. तीर्थानं धुतली जायची ती बोटावरची साखर. अंगातली होती तेवढीच राहायची. मशीनला नजर लागली, असं काहीतरी महाराज पुटपुटले. पण सगुणाबाई सुनेचा हात धरून केव्हाच उठली होती.

खोटं बोलली म्हणून पायलला वाटभर बोलणी बसली. पण सोमवारी आईनंच सगळ्यांना लवकर उठवलं. उपाशीपोटी रक्त दिलं, साखरेचं पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा दिलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समजावला: मधुमेह नाही, पण आकडा काठावर आहे. बाळाला अंगावर पाजा, रोज अर्धा तास चाला, गोड आणि तूप हात राखून, जेवणात डाळ-भाजी भरपूर, आणि दर वर्षी तपासणी.

"तिथं आकडा उतरला आसता तर मला हे कळलंच नसतं," शिवकन्या आईला म्हणाली.

गरोदरपणात लागलेली शुगर बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप उतरते, आणि कुणीतरी बुवा ते आपल्या नावावर खपवतो. ती काही वर्षांनी परतही येऊ शकते, तेव्हा मात्र बुवा गावात नसतो. म्हणून बायांनो, हात साबणानं धुवा, कोरडे करा आणि तपासून घ्या. आणि तपासणीच नको म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चारचौघांत विचारा, का नको?