कोरडा पुठ्ठा

पुठ्ठा आजही कोरडाच होता.

वासकाकांनी तो गाडीखालून ओढून काढला, दाराच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. रात्रभर गाडीखाली पसरून ठेवलेल्या त्या पुठ्ठ्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, कूलंटचा, एक हिरवा थेंब पडला असेल तर शपथ. आणि बॉनेट उचलून टाकीत पाहिलं, तर पातळी खुणेच्या खाली. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने भरली होती, गाडी एक चक्कर फिरवून आणली होती आणि दार लावून घरी गेले होते. पाणी जात होतं एवढं नक्की. कुठे जात होतं, याबद्दल गाडी ताकास तूर लागू देत नव्हती.

"पी, बाई, पी," ते तिला म्हणाले. "तुझ्या मालकाच्या जिवावर पी. माझा कशाला घेतेस?"

गाडी लाल होती, दोघांपुरती, वयाने त्यांच्या लेकीपेक्षा थोरली. एके काळी ती वाऱ्यासारखी पळत असणार. आता ती त्यांच्या गॅरेजची अर्धी जागा अडवून चार दिवस रुसून बसली होती. बनवणाऱ्याने आधी तिचा देखणा पत्रा ठोकला असावा आणि उरलेल्या जागेत इंजिन कोंबलं असावं, कारण कुठेही हात घालायचा म्हणजे कोपर सोलून घेणं आलं. काकांची दोन्ही कोपरं सोललेली होती. त्यांनी एकूण एक पाइप चाचपला होता, क्लिपा आवळल्या होत्या, रेडिएटरचं झाकण नवं बसवलं होतं. वॉटर पंपाखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं. तेलाची कांडी काढून पाहिली, तेल स्वच्छ. धूरही पांढरा नाही, म्हणजे इंजिन आतल्या आत पाणी पीत नव्हतं. पाइपांत हातपंपाने दाब भरला की दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू खाली येई, म्हणजे गळती होतीच, आणि काका त्या काट्याकडे पाहत दात आवळत बसत.

पूर्वी असलं काही करावं लागत नसे. वासकाका हे नाव बाजाराने त्यांना उगाच दिलं नव्हतं. तापलेल्या कूलंटला एक गोडसर वास असतो. पेट्रोल, ग्रीस आणि तापलेल्या रबराच्या गर्दीतून काका तो बरोबर वेगळा काढत. बॉनेट उचलायचं, डोळे मिटून वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि बोट ठेवायचं, "इथे." बाकीच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे येत. पुलापलीकडचं ते काचेच्या दर्शनी भिंतीचं मोठं वर्कशॉप होतं ना, तेसुद्धा गुपचूप गाडी पाठवी.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. तो काही आला नाही. काकांनी हे कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वासकाकांना वास येत नाही हे एकदा बाजारात पसरलं की गॅरेजला कुलूप लावायचं, एवढा साधा हिशेब होता. म्हणून ते अजूनही डोळे मिटून वाकत, गिऱ्हाइकादेखत लांब श्वास घेत आणि गिऱ्हाईक गेलं की बॅटरीच्या उजेडात मुकाट्याने शोधत. वर्षभर हे नाटक निभावलं होतं. या लाल बयेने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

त्यात घरची कटकट निराळी. एरवी मोजकं बोलणाऱ्या बायकोला गेल्या वर्षभरात काय झालं होतं कोण जाणे, तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. आज सकाळी डबा भरता भरता सुरू झाली, "लसूण जरा जास्तच झालाय हं आज. जिन्यापर्यंत वास सुटलाय." मग, "शेजारच्यांनी दारं रंगवायला काढलीत वाटतं, डोकं उठलं त्या वासाने." मग, "तो शर्ट नका घालू, पेट्रोलचा वास येतोय."

"प्रत्येक गोष्टीचा वास सांगितलाच पाहिजे का?" काका खेकसले होते.

"सांगते आपली," ती म्हणाली आणि ओटा पुसत राहिली.

जखमेवर नेमकं मीठ कसं चोळायचं हे या बाईकडून शिकावं, असं मनात म्हणत ते निघाले, ते चष्मा घरीच विसरून.

फोन वाजला. गाडीचे मालक. त्यांचं पडद्यांचं दुकान होतं आणि बोलणंही पडद्याच्या कापडासारखं वारांनी मोजावं इतकं लांब चाले.

"काका, कुठेतरी पाणी मुरतंय बघा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. हा विनोद ते रोज करत.

"शोधतोय."

"परवा भाऊ येतोय हो माझा. इतक्या वर्षांनी. याच गाडीवर त्याने मला शिकवलं. आज संध्याकाळपर्यंत नाही झालं तर मी ती पुलापलीकडे टाकतो. राग मानू नका."

रागाचा प्रश्नच नव्हता. पुलापलीकडच्या लोकांनी गळती शोधली, की वासकाका संपले, हे त्यांना कळत होतं. "संध्याकाळी या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी बायको दारात उभी. हातात चष्म्याची डबी.

"चष्म्याशिवाय काय शोधताय?"

"आलीच आहेस तर बस आत," काका वैतागून म्हणाले. "मी सांगितलं की अॅक्सिलरेटर दाब. हळू दाब. गाडी न्यूट्रलमध्ये आहे."

ती कुरकुरत आत शिरली. "अहो, ही काय बसायची तऱ्हा? जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटतंय. आणि समोरची काच किती मेणचट आहे ही."

"कालच पुसलीय. परवाही पुसली होती. दाब."

इंजिन घुमू लागलं. काका बॉनेटखाली वाकले, बॅटरीचा झोत पाइपावरून पाइपावर फिरवू लागले. कोरडं. इथेही कोरडं. त्यांना त्या यंत्रावर पाना फेकून मारावासा वाटला.

"अहो," आतून आवाज आला. "इथे सरबत सांडलं होतं का कुणाचं?"

"काय?"

"गोड वास येतोय. पायाशी. गरम झाल्यावर जास्तच यायला लागला."

काका वाकलेले होते तसेच थांबले. मग सावकाश सरळ झाले, पलीकडच्या दाराने आत गुडघ्यांवर आले आणि त्यांनी पायाखालची सतरंजी चाचपली. वरून कोरडी. तिच्याखाली हात घातला, तर जाड नमदा पिळून काढावा इतका ओला. हात बाहेर काढला तेव्हा बोटं हिरवी होती.

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक लहानसा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं. तो फुटला होता. खालच्या पुठ्ठ्यावर थेंब पडणार कुठून, सगळं पाणी गाडीच्या आत नमद्यात जिरत होतं आणि वाफ काचेवर बसत होती. ती काच काकांनी दोनदा पुसली होती. चार दिवस ते याच सीटवर बसून गाडी फिरवत होते, पाय त्याच नमद्यावर ठेवून. बाकी कोणालाही दार उघडल्याउघडल्या कळलं असतं.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले.

गॅरेज एकदम शांत झालं. काका फडक्याला बोटं पुसत राहिले, ती पुसून झाल्यावरही.

"मलाही आला असता वास," ते म्हणाले. "सर्दी झालीय जरा."

"हो," बायको म्हणाली. "वर्ष झालं सर्दीला."

काकांनी मान वर केली नाही. "कधी कळलं तुला?"

"दूध करपलं तेव्हा. मी गच्चीवर होते, मला तिथे वास आला. धावत खाली आले, तर तुम्ही ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज तर बोलतेय," ती म्हणाली.

काका त्या ओल्या नमद्यापाशी गुडघ्यांवर बसून राहिले. लसूण, रंग, पेट्रोल, धुतलेल्या चादरी, बिघडलेलं दही, लेकीच्या तान्ह्या बाळाची टाळू. वर्षभर ही बाई एकेक आणून त्यांच्यापुढे ठेवत होती आणि ते तिच्यावर खेकसत होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धा डॅशबोर्ड उतरवला, तो फुटका रेडिएटर बाहेर काढला आणि त्याच्याकडे जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले. हीटर चालणार नव्हता, पण गाडी चालणार होती. बायको स्टूलवर बसून स्क्रू वाटीत गोळा करत होती. दाब भरला. काटा जागचा हलला नाही.

पडदेवाले आले, सगळं पाहून खूश झाले. "पहिल्या दिवशीच मी सांगत होतो, गाडीत बसलं की एक गोड वास येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, चावी तिथे ठेवा."

काकांना आठवलं. वास हा शब्द आला की विषय तोडायचा, ही त्यांची वर्षभराची सवय होती.

"ऐकायला हवं होतं," ते म्हणाले.

"पण काहीही म्हणा, शेवटी तुमच्या नाकानेच शोधलं."

बायको स्क्रूच्या वाटीत पाहू लागली. काकांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, ती काही बोलणार नव्हती.

"नाही," काका म्हणाले. "हिने शोधलं. मला वर्षभर वास येत नाही."

पडदेवाल्यांनी एकदा काकांकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. त्यांनी बायकोला नमस्कार केला, गाडी सुरू केली आणि ती लाल बया दिमाखात रस्त्याला लागली. उद्यापर्यंत बाजारात सगळ्यांना कळणार होतं. काकांनी शटर ओढलं, कोरडा पुठ्ठा घडी करून भिंतीला लावून ठेवला.

घरी जाताना बायकोने कशाचाही वास सांगितला नाही. कोपऱ्यावर बेकरी होती. आतला माणूस भट्टीतून पत्रा ओढत होता आणि दारात उभी असलेली माणसं त्या दिशेला माना करून हसत होती. वर्षभर काका या दारावरून पावलं उचलत पुढे जात. आज ते थांबले.

"सांग ना," काका म्हणाले.

तिने पदराने घाम टिपला आणि श्वास घेतला. "पाव आहेत," ती म्हणाली. "आत्ताच काढलेत. एका बाजूने जरा करपलेत."