बसलं

"हा लाल कसा झाला?"

मापेबाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि बोट ओलं आहे हे लक्षात येताच चटकन काढून घेतलं. नकाशा सकाळीच छापून आला होता. शाईचा वास अजून गेला नव्हता.

"कुठला, मावशी?" मॅडम खुर्चीवर चढून वरच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावत होत्या.

"हा. एकशे बारा. आणि त्याच्या भोवतालचे आठही."

"तिथे शिंपल्यांची मर होते ना," मॅडमनी चिकटपट्टी दातांनी तोडली. "तुम्हीच तर भरलंय."

मापेबाईंनी हात एप्रनला पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. एकशे बारा म्हणजे खाडीचं दक्षिणेकडचं वळण. त्या वळणात त्यांच्या थोरल्या भावाचे शिंपले वाढवायचे दोर होते आणि भावाच्या आधी वडिलांचे.

समुद्रजीव संशोधन केंद्रात मापेबाईंना सत्तावीस वर्षं झाली होती. पद मदतनिसाचं. बाटल्या धुवायच्या, शिंपले उघडायचे, धुवायचे, कॅलिपरच्या चिमटीत धरून लांबी-रुंदी वहीत लिहायची. दिवसाला दोनशे शिंपल्यांचं माप निघायचं, म्हणून नाव पडलं मापेबाई. माणसांची मापं त्या काढत नसत असं नाही, पण ती मनात. केंद्रात चार संचालक आले नि गेले. प्रत्येकाची रुंदी त्यांना पाठ होती.

दोन वर्षांपूर्वी या मॅडम आल्या. वयाने मापेबाईंच्या मुलीसारख्या, शिक्षणाने डॉक्टर, आणि चहा पिताना कप कुठे ठेवला हे हमखास विसरणाऱ्या. त्यांनी खाडीचे दोनशे सोळा चौकोन पाडले. पाण्याचा खारटपणा, ऊब, ओढ हे यंत्रं सांगणारच होती. पण जे लोक चाळीस चाळीस वर्षं त्या पाण्यात शिंपल्यांची शेती करतात त्यांना काय ठाऊक आहे, तेही चौकोनात भरायचं, असं मॅडमचं म्हणणं. एकेचाळीस शेतकऱ्यांशी बोलणं झालं, सगळं टेप केलं. आणि ज्या चौकोनाबद्दल कोणीच काही बोललं नाही, तिथलं कॉम्प्युटर शेजारच्या चौकोनांवरून ताडणार.

"म्हणजे सोयरीक जमवताना करतात तसंच," मापेबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "घरचे बोलत नसतील तर शेजारी चौकशी करायची."

मॅडमनी ते वाक्य पाहुण्यांना सांगायला उचललं होतं.

फॉर्मवर मॅडमनी 'बीजस्थापन' असा शब्द घातला होता. पहिल्याच शेतकऱ्याने विचारलं, हा कुठला नवीन रोग? तेव्हा मापेबाईंनीच सुचवलं, "सरळ विचारा ना, बी बसतं का." समुद्रात तरंगणारं शिंपल्याचं बी दोराला चिकटलं की बसलं म्हणायचं. बसलं की हिरवा चौकोन, बसून वाढत नसेल तर पिवळा, मर होत असेल तर लाल. टेप ऐकून चौकोनाचा रंग भरायचं कामही मग मापेबाईंकडेच आलं, कारण तोंडात बिडी धरून बोलणाऱ्या माणसांची वाक्यं केंद्रात दुसऱ्या कोणाला लागत नव्हती. बाटल्या धुणारी बाई कानांवर हेडफोन चढवून कॉम्प्युटरपुढे बसली. शिपाई म्हणाला, "बाई, आता विमान कधी उडवताय?" त्यांना राग आला नव्हता. त्या दोन वर्षांत त्या घरी जातानासुद्धा ताठ चालत होत्या.

"मला ती टेप पुन्हा ऐकायचीय," मापेबाई म्हणाल्या.

टेप सापडली. भावाचा आवाज आला. घोगरा, कोरडा. वहिनी गेल्यानंतर चौथ्या महिन्यात घेतलेली ही टेप. पाण्याची ओढ, खेकड्यांचा त्रास, सगळ्याची त्याने एकेका शब्दात उत्तरं दिली होती. मग मॅडमनी वळणातल्या दोरांचं विचारलं. तो दोनदा खोकला. नंतर, "वळणात… यंदा… सगळं बसलं." खुर्ची सरकल्याचा आवाज. "बंद करा ते."

मापेबाईंनी तीन वेळा ऐकलं. बसलं.

धंदा बसतो. घर बसतं. रडून रडून आवाज बसतो. दोन वर्षांपूर्वी हेडफोनमध्ये भावाचा तो बसलेला आवाज ऐकताना त्यांचं बोट आपोआप लालवर गेलं होतं. भावाला फोन करून विचारावं असं वाटलंच नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं? त्याचं काय बसलं ते मला कळत नाही का? परका असता तर त्यांनी दहा वेळा विचारून घेतलं असतं. बाकीच्या चाळीसजणांना घेतलंच होतं.

"पण मॅडम, लहानपणी वडील आम्हाला बी आणायला त्या वळणातच धाडायचे."

"यंत्रांची मापंही तिथे चांगली आहेत," मॅडम चहाचा घोट घेत म्हणाल्या. "मला नवल वाटलं होतं. पण यंत्र एक सांगतंय आणि माणूस दुसरं, तर माणसाचं ऐकायचं, त्यासाठीच तर प्रकल्प केला आपण."

"मग बदला ना."

मॅडम कप शोधायला लागल्या, जो हातातच होता. "मावशी, शुक्रवारी हा नकाशा परवाना कचेरीत जातोय. लाल चौकोनांचे परवाने पुढे चालू राहणार नाहीत, हंगाम संपला की दोर काढायचे. आता ऐनवेळी मी एकशे बारा हिरवा केला, आणि तो तुमच्या भावाचा निघाला, तर लोक काय म्हणतील?"

"बहिणीने भावाचा रंग बदलला."

"तेच. त्यांना विचारून या. आणि चूक असेल तर कशी झाली ते सहीनिशी लिहून द्या." मग हळू आवाजात, "पण लिहून दिलंत, तर तुम्ही भरलेलं सगळंच तपासावं लागेल. एकेचाळीसच्या एकेचाळीस टेपा. दुसऱ्या कोणीतरी ऐकायच्या."

मापेबाईंनी मान हलवली. हेडफोनची वायर त्यांनी नेहमीसारखी गुंडाळून ठेवली, गाठ न पडेल अशी.

भाऊ धक्क्यावर होता. जुन्या दोराला चिकटलेलं शेवाळ सुरीने खरवडत होता. बहीण बसमधून उतरून इथवर येईपर्यंत त्याने तिला पाहिलं होतं, पण मान वर केली ती सावली दोरावर पडल्यावर.

"काय धाकटे? सुट्टी दिली?"

"घेतली. अर्धा दिवस."

"वा. म्हणजे कोणीतरी गेलं असणार."

मापेबाईंनी ते गिळलं. वहिनी गेली तेव्हा त्या दोन रात्री राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी केंद्रातल्या टाक्यांमधलं बी मोजायचं होतं. एक मोजणी चुकली की वर्षाचा तक्ता फुकट.

"दादा, तू टेपवर बोललास ना, वळणात सगळं बसलं म्हणून. म्हणजे काय?"

"बसलं म्हणजे बसलं."

"बी बसलं की शेती बसली?"

भावाने सुरी थांबवली. बहिणीकडे असं पाहिलं, जसं उलट्या बाजूने होडीत चढणाऱ्या माणसाकडे पाहतात. "हे विचारायला आलीस?"

"हो."

तो पुन्हा खरवडायला लागला. मग बोलला, दोराशीच. "त्या साली बी असं बसलं, असं बसलं, नख घालायला जागा नव्हती. बाबांच्या वेळी पण मी तसं बघितलं नाही. ही हसत होती. म्हणाली, एवढ्याची विरळणी करायची तर हाताची सालटी निघतील. दाट बसलं की विरळ करायला लागतं, माहितीय ना तुला? का विसरलीस?"

"माहितीय."

"आठ दिवसांनी ती पडली. मग दवाखाना. मग…" सुरी फिरत राहिली. "दीड महिना दोरांना हात नाही लागला. वाढत गेले एकावर एक. वजनाने वरची तरंगती पिंपं बुडाली, दोर तळाला गेले, चिखलात. सगळं बसलं."

"म्हणजे दोन्ही."

"तुझ्या कागदावर दोन्हीला जागा आहे?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

मापेबाई दोराच्या वेटोळ्यावर टेकल्या. परवान्याचं, लाल चौकोनांचं, शुक्रवारचं, सगळं सांगितलं. रंग कोणी भरला तेही सांगितलं. भाऊ चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"राहू दे लाल. सहासष्ट झाली मला. किती दिवस ओढणार?"

"पाणी चांगलं आहे दादा. पाण्याने नाही मारलं."

"मग कोणी मारलं?"

धक्क्याखाली पाणी खांबांना चाटून जात होतं.

"मला एक फोन करायचास," मापेबाई म्हणाल्या. "विरळणीला ये म्हणून."

"आली असतीस?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सत्तावीस वर्षांत न घेतलेलं माप वहीत लिहायची सवय लागली नव्हती. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

भावाने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दुसऱ्यांच्या शिंपल्यांची लांबी-रुंदी काढलीस जन्मभर. आमच्या दोराला एक दिवस हात नाही लावलास." मग सुरी पुसून म्हणाला, "चहा घेऊन जा. दूध संपलंय, तसाच घ्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी मापेबाईंनी लिहून दिलं. पाऊण पान. मॅडमनी वाचलं आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली.

"'मी भावाचा आवाज ऐकला, शब्द ऐकला नाही.' मावशी, हे असं नाही लिहीत. 'ऐकण्यातील त्रुटी' लिहू या?"

"कानात काही त्रुटी नाही माझ्या. परवाच तपासलेत."

"पण कचेरीला कळणार नाही."

"कळणार नाही तर विचारतील. मी नाही विचारलं, म्हणून तर हे झालं."

मॅडमनी पेन्सिल उचलली. ओळ राहिली.

कचेरीने काही विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं ते असं: एकशे बारा आणि भोवतालचे आठ चौकोन लाल नाहीत, हिरवेही नाहीत, त्यांवर आडव्या रेघा. एक हंगाम मुदत. त्या हंगामात दोरांवर बी किती बसतं, किती तगतं, ते केंद्राने मोजावं. संबंधिताच्या नातेवाइकाने मोजू नये.

"संबंधिताचे नातेवाईक म्हणजे मी," मापेबाई शिपायाला म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझा उल्लेख झाला बघ कागदावर."

शिपाई हसला नाही. त्याने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. एरवी त्यांनाच जाऊन घ्यावा लागायचा.

सोमवारपासून हेडफोन एका नव्या मुलीकडे गेले. हुशार होती. पण दर दहा मिनिटांनी प्रयोगशाळेच्या दारात यायची. "मावशी, हे काय म्हणतायत, पाणी 'लागतं' म्हणजे?" मापेबाई नळ बंद करून म्हणायच्या, "मला नको विचारूस. त्यांना विचार." मुलगी हिरमुसून जायची. मग मापेबाई नळ सोडायच्या, आणि बाटलीत ब्रश फिरवता फिरवता ते उत्तर मनातल्या मनात देऊन टाकायच्या.

विरळणीच्या दिवसांत त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं, घरचं काम.

सकाळी त्या धक्क्यावर पोचल्या तेव्हा भाऊ होडी सोडायच्या तयारीत होता. मापेबाईंच्या हातात रबरी मोजे होते, दुसरं काही नाही. कॅलिपर त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं होतं.

"मोजायला आलीस?"

"मोजायला दुसरी येईल. मला मनाई आहे."

"मग?"

"हात लावायला आलेय."

भावाने मोज्यांकडे पाहिलं. "नवे घेतलेस? हे फाटतील दुपारपर्यंत."

"फाटू देत."

होडीच्या डाव्या फळीवर एक पोतं होतं, तोंड बांधलेलं. मापेबाईंना वाटलं, बियाण्याचं असेल. त्या उजवीकडून चढायला गेल्या तशी होडी कलली.

"तिकडून नको," भाऊ म्हणाला. "तिकडे मी असतो."

"आणि इकडे हे काय ठेवलंयस?"

"रिकामे शिंपले." तो दोर सोडत होता, पाठ वळवून. "एकट्याने एका बाजूला कलते होडी. पहिल्यांदा दगड भरून बघितले. जड झाले. मग हे मोजून भरले. बरोबर बावन्न किलो."

मापेबाईंनी वजन विचारलं नव्हतं. बावन्न कोणाचं, तेही विचारलं नाही.

भाऊ आत आला. दोन्ही हातांनी पोतं धरलं, एका दमात उचललं गेलं नाही, म्हणून गुडघ्यावर टेकवून पुन्हा उचललं आणि धक्क्याच्या कडेला ठेवलं. आतले शिंपले खळखळले, थोडा वेळ सरकत राहिले, मग थांबले. मोकळी झालेली फळी त्याने तळहाताने पुसली. फळीचा तेवढाच भाग ऊन न लागल्याने गडद राहिला होता.

"बस," तो म्हणाला.

मापेबाई बसल्या. होडी हलली, थोडी त्यांच्या बाजूला झुकली, आणि भावाने वल्हं पाण्यात घातलं.