अर्धा रताळ्याचा, अर्धा बटाट्याचा

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो, पिझ्झा कापायची. तुमच्याकडे करंजीच्या कडा कापायला कातणं असतं ना, त्याची थोरली बहीण समजा. पोलादाचं गोल पातं आणि एक मूठ, एवढाच माझा पसारा. हसू नका! एके काळी कोरियातल्या वोंजूच्या बाजारात माझं पातं फिरल्याशिवाय कुणाला घास मिळत नसे.

माझा जन्म डेगूच्या कारखान्यातला. माझी मूळची मूठ लाल प्लॅस्टिकची होती, ती दुसऱ्याच वर्षी तडकली. मग माझ्या मालकांनी, दोकबेकाकांनी, बोराच्या लाकडाची मूठ तासून मला बसवली. ती अजून शाबूत आहे.

दोकबेकाका दक्षिणेकडच्या हेनामचे. तिकडे रताळ्यावाचून पान हलत नाही. त्यांची बायको सुनिमकाकू जोंगसनच्या डोंगरातली, म्हणजे बटाट्याच्या मुलखातली. दोघांनी मिळून पिझ्झाचं दुकान टाकलं आणि पहिल्याच दिवशी दोघांची जुंपली.

"रताळं कुस्करून लावायचं, वरून चीज," काका म्हणाले.

"अहो, पिझ्झा करताय की बाळाला भरवताय? गोड घातलं की ते जेवण राहत नाही!"

"आणि तुझ्या बटाट्याला स्वतःची चव तरी आहे का? भिंत चाटल्यासारखा लागतो."

"हेनामला भिंती चाटत होतात वाटतं? नाहीतर चव कशी कळली हो?"

शेवटी तह झाला. पिझ्झा अर्धा रताळ्याचा, अर्धा बटाट्याचा करायचा, आणि ज्याला राग जास्त आला असेल त्याने कापायचं. माझी पहिली फेरी बरोबर मधून जायची. बहुतेकदा मी काकूंच्याच हातात असे, आणि त्या अशा जोरात दाबत की खालच्या फळीवर चरे उठत. प्लॅस्टिकची मूठ का तडकली ते आता कळलं असेल.

गिऱ्हाइकंही या भांडणात हौसेने पडत. समुद्रकाठच्या बुसानहून बदली होऊन आलेले एक मास्तर होते. ते दर वेळी म्हणत, "दोघंही चुकताय. पिझ्झावर कोळंबी पाहिजे, नाहीतर तो पिझ्झाच नव्हे." असं म्हटलं की काका-काकू एक होऊन त्यांच्यावर तुटून पडत. पोरांना मका हवा असे, कुणाला अननस. अननस म्हटलं की काकू कपाळाला हात लावत, पण घालून देत. सगळ्यांची तोंडं चालू असत, खायलाही आणि भांडायलाही. मला फार आवडायचं ते!

दुकान आवरलं की दोघांचा स्वतःचा पिझ्झा निघे. काका नजर चुकवून बटाट्याचा एक तुकडा उचलत, काकू रताळ्याचा. दोघांनाही ते ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नसे.

मग बऱ्याच वर्षांनी एके दिवशी काकूंनी अख्ख्या पिझ्झावर रताळंच पसरलं. काकांनी टाळी वाजवली. "हरलीस की नाही शेवटी!"

काकूंनी विचारलं, "कशात?"

काकांचं हसू तिथेच थांबलं. पुढच्या वर्षभरात काकू एकेक गोष्ट विसरत गेल्या. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग घरचा रस्ता, आणि मग काका. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात काकूंना ठेवावं लागलं.

काकांनी दुकान भाच्याला दिलं. भाचा कष्टाळू आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो एकेकट्यासाठी बशीएवढे पिझ्झे करतो. ज्याला जे हवं ते ज्याच्या त्याच्या डब्यात. वाटणी नाही, वाद नाही. कापायचं झालं तर कात्री आहेच. मी किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, फ्रिजशेजारी खिळ्याला लटकले. पात्यावर तेलाची पुटं चढली. आठ-आठ दिवस कुणाचा हात लागत नसे. एकटेपणा काय असतो ते मला त्या खिळ्यावर कळलं.

फक्त रविवारी काका यायचे. मला घासूनपुसून फडक्यात गुंडाळायचे, स्वतः अर्धा-अर्धा पिझ्झा भाजायचे आणि न कापता माझ्यासकट काकूंकडे न्यायचे. त्यांच्या मनात एकच होतं, काकूंनी एकदा तरी भांडावं. बसमध्ये पुटपुटायचे, "ओळखू नकोस मला. पण एकदा भांड गं."

तिथे पिझ्झा कापून काकूंसमोर ठेवून ते मुद्दाम डिवचायचे. "बटाट्याला काही चव नाही, नाही का?"

"छान आहे हो," काकू म्हणायच्या.

"मग रताळं?"

"तेही छान आहे हो."

किती रविवार ते 'छान' ऐकलं मी! परतताना काकांची पावलं जड झालेली असत, आणि मला तर रडताही येत नाही.

गेल्या रविवारी काकूंनी रताळ्याचा तुकडा संपवला आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको आहे," काका म्हणाले.

"कुठल्या त्या?"

"जोंगसनची."

काकूंचा हात थांबला. त्यांनी पिझ्झाच्या उरलेल्या बाजूकडे बघितलं आणि एकदम आवाज चढवला. "जोंगसनची? मग ती बटाट्याशिवाय जेवेल का? आणि तुम्ही तिच्या वाटचं इथे परक्या बाईला भरवत बसलात? लाज नाही वाटत? झाका तो अर्धा! गरम आहे तोवर घरी न्या. जा म्हणते ना!"

"जातो, जातो," काका म्हणाले.

"आणि रताळं देऊन फसवू नका तिला!" काकू मागून ओरडल्या.

काकांनी तो अर्धा पिझ्झा झाकून घरी आणला. मलाही त्या दिवशी दुकानात परत ठेवलं नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बटाट्याचा एक घास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "हिच्या बाजूला काही चव नाही!" मग उरलेला तुकडा हातात धरून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून उत्तराची वाट बघत बसले.

मित्रांनो, मी निर्जीव, काकांना ऐकू जाईल असं मला बोलता आलं असतं तर मीच काहीतरी खरमरीत बोलले असते. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या ताटाकडे बघून कुणी असं नाक मुरडलं, तर त्याला वेगळा डबा देऊन गप्प करू नका. लगेच उत्तर द्या.