धुराड्यापुढची बाई

पंच्याऐंशी साली हेमचंद्र जपानमधली नोकरीची दोन वर्षं संपवून अमेरिकेत नेपरव्हिलला परतला, तो बायको शरयू आणि ढीगभर स्लाइड्स घेऊन. इथल्या मराठी मंडळींत तेव्हा रीतच होती. कोणी कुठे जाऊन आलं की बेसमेंटमध्ये चादर ताणायची, सगळ्यांना बोलवायचं, आधी स्लाइड्स आणि मग बटाटेवडे. वड्यांच्या आशेवर लोकांनी एकच नायगारा कितीदा पाहिला होता, देव जाणे.

शनिवारी सकाळी शरयू खिडकीशी बसून स्लाइड्स लावत होती. जपानमधलं ते गाव होतंच फोटो काढण्यासारखं. भातखाचरं, पलीकडे समुद्र, केशरी फळांनी लगडलेली झाडं. आणि सिमेंटसाठी अर्धा पोखरलेला डोंगर, मधोमध कारखान्याचं लाल-पांढरं धुराडं. शरयूला ते सगळ्यासकट आवडलं होतं. ती चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीच्या गावातली. तिच्या अंगणातल्या कपड्यांवर काळी पूड बसायची आणि त्याच अंगणातून पळसाचं जंगल पेटल्यासारखं दिसायचं. हेमचंद्र मात्र तिची ओळख ‘नागपूरची’ अशी करून द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याचा बाणा. तिनेही ते इतकी वर्षं चालवून घेतलं होतं.

स्लाइड्स उजेडात धरता धरता तिचा हात थांबला. ‘जरा डावीकडे सरक. अजून. हां, बस्स.’ फोटो काढताना तो दर वेळी म्हणायचा. तिला वाटायचं, उजेडासाठी. आता कळलं. प्रत्येक फोटोत ती बरोबर धुराड्याच्या पुढे उभी होती. नवऱ्याने तिचा चक्क पडदा केला होता. तिला आधी हसू आलं, मग संताप आला, आणि तो काही गेला नाही.

टाकून दिलेल्या स्लाइड्समध्ये तिथल्या शेजारणीने काढलेली एक सापडली. शरयू बांधावर एका कडेला, आणि मागे फळांचं झाड, डोंगर, धुराडं, सगळं. तिने ती प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये लावली.

“अगं, ती मी रिजेक्ट केलीय,” हेमचंद्र म्हणाला. “लोकांना वाटेल, आपण फॅक्टरीत राहत होतो.”

“राहतच होतो.”

“इंप्रेशन खराब होतं यार.”

तिने ट्रे उचलला तो संध्याकाळपर्यंत त्याच्या हाती लागू दिला नाही.

रात्री प्रोजेक्टरचं बटण तिच्याकडेच होतं. ‘वा, काय स्वच्छ सुंदर गाव’ असं चाललेलं असताना ती स्लाइड आली.

“हे काय मध्येच?” मागून पाहुण्यांतल्या विनयने विचारलं.

“चुकून आलीय,” हेमचंद्र म्हणाला. “शरयू, नेक्स्ट कर.”

“चुकून नाही. गाव हेच आहे. आत्तापर्यंतच्या सगळ्या फोटोंत हे धुराडं माझ्या पाठीमागे आहे, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.”

कोणीतरी हसलं. पुढच्या खुर्चीतल्या वयस्क सुमित्राकाकू मात्र चष्मा सावरून बघत राहिल्या. “अगं, मग तू बाजूला व्हायचंस की.”

“तेच करतेय, काकू,” शरयू म्हणाली. “आणि मी नागपूरची नाही.”

हेमचंद्र घाईघाईने दिवा लावायला उठला.

“बस तू,” ती म्हणाली. “माझं गाव सांगून व्हायचंय अजून.”