मला वाचवणारा दगड

थांबा ना जरा! मी नाशकातली काळ्या दगडांची सरकारी शाळा बोलतेय. स्टेशनवरून येणारे टांगेवाले माझ्याच नावानं उतारू घेतात, "चला, शाळेपाशी सोडतो." या गावाची खूणच आहे मी.

माझ्या दाराची कमान गेणू गवंड्यानं बांधली. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. दगड घडवताना तो त्याला शिव्या घालायचा आणि जागेवर बसला की मायेनं थोपटायचा. पुढे त्याच्या पोरी माझ्याच वर्गात बाराखडी घोकायला आल्या.

चौतीस साली नवा बाजार करायचा म्हणून मला पाडायचं ठरलं. कंत्राटदाराची माणसं पहारी घेऊन आली, तर समोर अख्खं गाव उभं! "शाळेला हात लावाल तर हात तोडू!" माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

पण गावकऱ्यांनी हातात काय घेतलं? माझ्याच कुंपणाची भिंत उचकटली! मेल्यांनो, मला वाचवायला माझेच दगड? डोकी फुटली, दात पडले. कंत्राटदाराच्या पुंजा नावाच्या मजुराचा गुडघा चिरडला, तो रस्त्यात गुरासारखा ओरडत होता.

तरी एक मजूर कमानीवर पहार घालायला धावलाच. गेणू गर्दीतून मध्ये घुसला, त्याच्याशी झोंबला आणि पहार हिसकावून घेतली. "माझ्या कमानीला हात नाय लावायचा!" त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? लोकांना दिसला तो कमानीखाली पहार धरलेला माणूस. माझाच जुना विद्यार्थी खंडेराव, त्यानं नेम धरून दगड हाणला. गेणूची कवटी फुटली. माझ्या पायरीवर तो तडफडला आणि गेला.

खून पडल्यावर पाडकाम थांबलं ते थांबलंच. आता मला कुणी धक्का लावायचा नाही, असा फलक दारावर लागलाय. खंडेराव दरवर्षी त्याखाली भाषण ठोकतो.

गेणूची बायको रंगूबाई सगळ्यांना विचारत फिरली, "माझ्या मालकाला कुणी मारलं, सांगा की वो!" सगळं गाव एका तोंडानं म्हणालं, पुंजानं. तेव्हापासून ती त्या लंगड्या पुंजाच्या दारात उभी राहून त्याच्या लेकरांना तळतळाट देते. तो खाली मान घालून ऐकतो. त्याचं कोण खरं मानणार?

खंडेराव, अरे मेल्या, एकदा तिच्यापुढे उभा राहा आणि खरं सांग. तेवढी छाती नसेल, तर त्या कंत्राटदाराला परत बोलाव. तुझं पाप झाकत उभं राहण्यापेक्षा मी पडलेली बरी.