दसऱ्याचा रंग

निवृत्तीनंतर आदिनाथ सरांनी आगीची सूचना देणारे जुने भोंगे जमवायला घेतले, तेव्हा त्यात उत्साह होता. आता सावेडीतल्या घराच्या मागच्या खोलीत चित्रपटगृहांचे, कापसाच्या जिनिंग गिरण्यांचे, गोदामांचे भोंगे दाटीने बसले होते, आणि प्रत्येकाचा आवाज का गेला हे शोधता शोधता सरांची पाठ वाकली होती.

आज टेबलावर एका बंद साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेला भोंगा होता. त्याच्यासाठीच मालनबाई जामखेडहून आल्या होत्या. त्या कारखान्यात उसाच्या चोथ्याच्या ढिगाला आग लागली, तीत त्यांचे पती अंगद गेले. भोंगा वाजला, पण अंगद झोपला होता, असे तेव्हा सगळे म्हणाले. धाकटा दीर राधाकृष्ण अजूनही म्हणतो.

“येवढे भोंगे घरात! बाई कुठं गेल्या तुमच्या?”

“मुलाकडे, पुण्याला. म्हणाली, यातला एक तरी वाजला की येते.”

मालनबाई थोडे हसल्या.

सरांनी कर्णा उतरवला. आतला पोलादी पडदा थरथरला तरच आवाज निघतो. पण त्याच्या कडेच्या फटीत लाल तैलरंग दगडासारखा बसला होता. सरांनी पातीने खरवडले. वर काजळी, खाली लाल, त्याखाली पुन्हा लाल. वीज जोडली. आत नुसते गुणगुणले. पडदा हलला नाही.

“काजळी रंगाच्या वर आहे. म्हणजे रंग आगीच्या आधीचा. भोंगा वाजलाच नसणार, बाई. जागा माणूसही सावध झाला नसता.”

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“पण इतक्या आत कुंचला घालून रंगवायचं कोण?” सर सवयीने बोलून गेले.

मालनबाईंनी तोंडावरचा पदर काढला. “हेच. दर दसऱ्याला मशिनची पूजा असायची. बाकीचे वरवर रंग फासायचे. हे म्हनायचे, देवाला आंघोळ घालताना कान सोडतो का आपन?”

सरांनी पाती खाली ठेवली. मालनबाईंनी मात्र दिराला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“भोंगा वाजला नव्हता,” सर म्हणाले. “मी उघडून पाहिला.”

“का न्हाई वाजला?”

“जुना... जुना झाला होता.”

मालनबाईंनी फोन काढून घेतला. “भावजी, रंग बसला हुता त्यात. तुमच्या भावानंच दिलेला. चुकले. पन झोपून न्हाई चुकले, काम करताना चुकले. आता बोलायचं तर तसं बोला.”

त्यांनी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि जामखेडची गाडी कुठून मिळेल ते विचारले.